दादाच्या खुब्यातली बोटुकली

आधीच सांगून टाकते, याच्यात डॉक्टरची काही चूक नाई. बाबाची नाई, त्या आबाजीचीबी नाई. चूक माह्या तोंडाची आहे. मले एखादी गोष्ट समजली का ती दहा जणाले सांगितल्याबिगर चैन पडत नाई. अन् सांगताना सोपी करून सांगा लागते, अन् सोपी करता करता भलतंच होऊन बसते. जाऊ द्या, पहिल्यापासून सांगते.

आमचं गाव आरमोरीपासून दहा-बारा किलोमीटर. आम्ही ढिवर. गावाच्या मांगं मोठा तलाव, तलावाच्या खाली धानाच्या बांध्या, अन् तलावातली मासोळी आमच्या मच्छीमार सोसायटीकडे. दादा माह्यापेक्षा सहा वर्षानं मोठा. त्याले लहानपणापासून सिकलसेल, रक्ताची बिमारी. आमच्याकडे हे काही नवलाचं नाई. शाळेत बोटाले सुई टोचून तपासतेत, कार्ड देतेत, अन् ते कार्ड मंग टिनाच्या पेटीत लग्नाच्या पत्रिकाईसोबत पडून राहते. दादाचे वर्षातून दोन-तीनदा हातपाय भयंकर दुखत. चार दिवस खाटेवर, नुसतं पाणी पिणं अन् कण्हणं, अन् पाचव्या दिवशी गडी जाळं घेऊन तलावात. आम्हाले वाटे, असंच चालन.

मी बारावीत होती तेव्हा त्याचा डावा खुबा दुखायले लागला. चार दिवस झाले, आठ झाले, थांबेच ना. तो काही बोले नाई, पण ओढजाळ ओढताना सगळा भार उजव्या पायावर टाके, हे मी तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, पाहत होती. गावातले अर्धे म्हणे वात आहे, अर्धे म्हणे नस दबली. बाबानं त्याले दूरच्या एका मालिशवाल्याकडे नेलं. त्यानं दादाले पालथं पाडलं अन् खुब्यावर चक्क उभा राह्यला. दादा घरी आला तं पांढराफटक. तरी बाबा म्हणे, "मोकळं झालं असन." मंग कोंडा गरम करून शेकणं, मंग कोणतं तरी तेल. सात-आठ महिने असे गेले. ते सात-आठ महिने आठवले तं अजूनबी मले भिंतीवर डोकं आपटा वाटते.

शेवटी नागपूरच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मोठ्या मशीनीतून फोटो काढला. तिथल्या डॉक्टरनं कागदावर चित्र काढून दाखवलं. मांडीच्या हाडाले वर एक गोळा राहते, तो कमरेच्या वाटीत फिरते. दादाचे रक्ताचे वाकडे कण त्या गोळ्याच्या बारीक नळ्याईत अडकले होते, रक्त पोचत नव्हतं, अन् गोळ्याचा एक भाग आतून मरून राह्यला होता.

"अजून गोळा गोल आहे," डॉक्टर म्हणाले. "बसला नाही. बसला, चपटा झाला, की मग कृत्रिम सांधा. पण हा चोवीस वर्षांचा आहे. आत्ता सांधा घातला तर आयुष्यात पुन्हा बदलावा लागेल. त्याआधी एक प्रयत्न करता येतो."

तो प्रयत्न म्हणजे स्टेम सेल. कमरेच्या हाडातून सुईनं मगज, म्हणजे हाडातला मऊ गर, काढायचा, तो मशीनीत गरगर फिरवायचा, त्याच्यातल्या नवीन हाड बनवणाऱ्या पेशी वेगळ्या करायच्या, अन् मेलेल्या गोळ्यात बारीक छेद पाडून तिथं सोडायच्या. मंग त्या धरल्या तं धरल्या. डॉक्टरनं दोनदा म्हटलं, खात्री देत नाही.

बाबा पूर्ण वेळ मान हलवत होते. बाहेर कँटीनमध्ये आलो तसं मले म्हणे, "काय म्हणे वं तो?"

"तुम्ही तं हो-हो करून राह्यले होते."

"मोठ्या माणसापुढं नाई म्हणा लागते का? मगज पाह्यजे म्हणे न? माहा घ्या म्हणा. मी धडधाकट आहो."

"बाबा, त्याचाच घेतेत. दादाचाच."

आई तिथूनच, "त्याच्याच अंगात नाई तं कुठून घेतेत? एका हाडातून काढून दुसऱ्यात टाकतेत? म्हणजे दोन्ही गेले."

दादा चहात बिस्कीट बुडवत होता. त्याचा चेहरा पाहून मले समजलं, त्यालेबी काही समजलं नाई, अन् तो नाई म्हणणार. म्हणजे त्यानं आतल्या आत नाई म्हणूनच टाकलं होतं. मंग मले एकदम सुचलं. मी बीएस्सी पहिल्या वर्षाले, झूलॉजी, हुशारी तं उतू जात होती.

"दादा, तलाव आटून खराब झाला, मासोळी मेली, तं आपण काय करतो?"

"बीज सोडतो."

"कुठून आणतो?"

"बीज केंद्रातून. नाई तं आपल्याच लहान बोडीत वाढवलेली बोटाएवढी बोटुकली नेऊन टाकतो."

"मंग तेच आहे हे. कमरेचं हाड म्हणजे तुही बोडी. तिथली बोटुकली काढायची अन् खुब्याच्या तलावात सोडायची. बोडी खाली होत नाई, तिथं पुन्हा होतेत."

दादानं बिस्कीट खाल्लं. "असं सांग न मंग," म्हणे. "तो डॉक्टर अर्धा घंटा काय बोलत होता?"

बाबाच्या तोंडावर हसू आलं. आई म्हणाली, पोरगी शिकली त्याचं चीज झालं. अन् मी, सांगते तुम्हाले, त्या कँटीनमधून निघताना दोन इंच उंच चालत होती.

ऑपरेशन झालं. खुब्यावर एक बारकं भोक, कमरेवर सुईच्या दोन खुणा, बस. डॉक्टरनं निघताना एकच गोष्ट बजावली. सहा आठवडे डावा पाय जमिनीवर टेकवायचा नाई. छेद पाडलेला गोळा कच्चा राहते, नवीन हाड बनता बनता वेळ लागते, त्यावर भार पडला तं बसन. कुबड्या दिल्या. सहा आठवड्यानं फोटो काढायले या म्हणे.

काळीपिवळीवाले चाचा आम्हाले घेऊन आले. आरमोरीचे, बाबाचे जुने दोस्त, त्याईच्या जीपमध्ये आम्ही लहानपणी टपावर बसून जत्रेले गेलो. मागच्या सीटवर दादाचा पाय लांब करून, खड्डा आला का चाचा गाडी इतकी हळू घेत का मागचे ट्रकवाले भोंगे वाजवून वाजवून थकले.

घरी पहिली भानगड संडासची. उकिडवं बसायचं नाई म्हटलं होतं. सुतारानं प्लास्टिकच्या खुर्चीले मधात भोक कापून दिलं, अन् बाबानं घरामांगच्या वाडीत बांबूच्या तट्ट्याचा आडोसा केला. दादा दोन दिवस गेलाच नाई. लाजे. "लोकं पाहतेत," म्हणे. तट्ट्यातून काय पाहतेत? पण नाई. तिसऱ्या दिवशी गेला तं आईनं सगळ्या शेजारणीले सांगितलं. मंग पुन्हा दोन दिवस गेला नाई.

अन् मंग सुरू झालं चाऱ्याचं.

झालं असं, का दादानं माही बोटुकलीची गोष्ट पाळीजवळ बसल्या बसल्या सगळ्याईले सांगितली. खाट तिथंच टाके तो, कडुलिंबाखाली, तलाव दिसे. येणारा-जाणारा विचारे, "काय केलं गा दवाखान्यात?" अन् दादा अगदी ऐटीत, "बीज सोडलं खुब्यात." ढिवराले हे सांगा नाई लागत. बीज सोडलं तं चारा पाह्यजे. तलावात आपण शेण टाकतो, कोंडा टाकतो, ढेप टाकतो. दादाले ते टाकता येत नाई म्हणून बाकी सगळं आलं.

बांध्याईतले खेकडे आले. रोज. कुटून, गाळून, रस्सा. मासोळीचे मुंडके आले. एका मावशीनं हाडजोडीच्या वेलाची भाजी आणली, ती खाऊन दादाचा घसा खाजवत राह्यला. चाचाच्या घरून स्टीलच्या डब्यात पाया, बकऱ्याच्या पायाचा रस्सा, यायले लागला.

"हड्डी को हड्डी का पानी लगता, बेटा," चाचा मले म्हणे. "तुम्हारी किताब में लिखा है के नही?"

"नाई लिहिलं चाचा."

"फिर किताब अधूरी है."

मी किती सांगितलं. पोटातलं खुब्यात थेट जात नाई म्हटलं. पाणी जास्त पी, तुह्या बिमारीले पाणी चांगलं, बाकी साधं जेव म्हटलं. आई म्हणे, "चाऱ्याबिगर बीज वाढते का? तूच सांगतलं." माह्याच तोंडचं वाक्य माह्या अंगावर. दादाचं पोट सुटलं, पाय तेवढाच.

अन् रोज संध्याकाळी आबाजी. हे म्हणजे सोसायटीतले सगळ्यात जुने. बीज कधी सोडायचं, किती सोडायचं, पाणी हातात घेऊन, हुंगून सांगत. तलावाच्या बाबतीत गावात त्याईच्यापुढं कोणी बोले नाई. ते खाटेच्या पायथ्याशी बसत अन् मले प्रश्न विचारत. मी प्रॅक्टिकलचं जर्नल लिहून राह्यली असो, बेडकाची पचनसंस्था काढून राह्यली असो, त्याईले काय.

"पोरी, बीज सोडायच्या पहिले तलाव साफ केला होता का? मरळ-बिरळ राह्यली तं बोटुकली खाऊन टाकते."

आता इथं मी म्हणा पाह्यजे होतं, आबाजी, हाडात मासोळी नसते. पण मले मजा वाटली. "मरळ आहे न आबाजी. सिकलसेल हेच मरळ."

ते गंभीर झाले. "मंग तं महिन्यानं पाहा लागन."

मी बेडकाचं आतडं रंगवत होती. "हो जी," म्हटलं.

बस. एवढंच. दोन शब्द. आबाजीले कटवायचं होतं म्हणून म्हटलं, अन् मले काय माहीत ते काय विचारून राह्यले होते. म्हणजे माहीत होतं. मी ढिवराची पोरगी, मले माहीत नसन तं कोणाले असन? बीज सोडलं का महिन्यानं जाळं मारून पाहतेत. दहा-वीस बोटुकली हातावर घ्यायची, वाढली का, अंग धरलं का, पाह्यचं, अन् पुन्हा पाण्यात सोडून द्यायची. नाई पाह्यलं तं कळत नाई, अन् उन्हाळ्यात जाळं टाकावं तं आत काहीच नाई. म्हणून पाहतेतच. आबाजीनं आजवर एकाही तलावाले महिन्यानं पाह्यल्याबिगर सोडलं नाई.

माही झूलॉजीची प्रॅक्टिकल परीक्षा आरमोरीले होती. सकाळच्या एसटीनं गेली, दुपारी परत आली. रस्त्यावरूनच दिसलं, आमच्या कडुलिंबाखाली पंधरा-वीस माणसं. वाटलं दादाले काही झालं. धावत गेली.

दादा उभा होता. दोन्ही पायावर. कुबड्या खाटेवर पडल्या होत्या. एका बाजूनं बाबा, एका बाजूनं आबाजी, पण धरून नाई, नुसते हात पुढं करून, लेकरू चालायले लागते तसे. अन् दादा चालून राह्यला होता, पाळीच्या दिशेनं, अन् लोकं मोजून राह्यले होते.

"नऊ. दहा. अकरा."

"काय करून राह्यले तुम्ही?" माहा आवाज इतका मोठा निघाला का बगळे उडाले.

सगळे माह्याकडे पाह्यले. आबाजी म्हणे, "पाहून राह्यलो न. महिना झाला. धरलं दिसते. अकरा पावलं चालला, दुखलं नाई म्हणे."

"सहा आठवडे टेकवायचा नाई म्हटलं होतं डॉक्टरनं. सहा."

"ते उन्हाळ्याचं जाळं. हे पाह्यचं जाळं. तूच तं हो म्हटली होती, महिन्यानं पाहा लागते म्हणून."

"मी फोटोचं म्हटलं होतं." खोटं. मी कशाचंच म्हटलं नव्हतं, मी आतडं रंगवत होती.

दादाले खाटेवर बसवलं. तो खुशीत होता, घामेजला होता. "अवं, काई नाई झालं. उलट बरं वाटलं. पाय माहाच आहे असं वाटलं."

मी बाबाकडे वळली. "तुम्ही तं होते न तिथं, डॉक्टरपुढं? तुम्ही मान हलवली न?"

बाबा म्हणे, "आबाजी पाहू म्हणे. तलावाचं त्याईले जास्त समजते."

"हे तलाव नाई, बाबा. हे हाड आहे. हाड. तलाव नाई."

"तूच तं म्हणली होती तलाव आहे," बाबा म्हणे. रागात नाई, खरंच विचारल्यासारखे. त्याईनं जे केलं ते सगळं बरोबर केलं होतं. मी जे सांगितलं त्याच्यातून सरळ निघत होतं. चारा, मरळ, महिना, जाळं. एकबी पाऊल चुकीचं नव्हतं, पहिलं सोडून, अन् ते माहं होतं.

संध्याकाळी दुखायले लागलं. दादा सांगे नाई, पण उशीचा कोपरा दातात धरून पडला होता. चूल पेटली होती, भात झाला होता, कोणी जेवलं नाई.

सकाळीच चाचाची जीप. आईले घरी ठेवलं. चाचा स्वतः पायाच्या रश्श्याचे डबे पोचवणारे, त्याईलेबी अपराधी वाटत असन. नागभीडच्या पुढं म्हणाले, "आबाजीको भी लाना था. डॉक्टर साब के सामने बिठाते. दोनो एक दूसरे का इलाज करते." दादा हसला. मले नाई हसू आलं.

डॉक्टरनं विचारलं, "पाय टेकवला? कोणी सांगितलं?"

मी खाली पाह्यलं. बाबानं सांगितलं. साधं, सरळ, पहिल्यापासून. बोडी, बोटुकली, चारा, मरळ, अन् महिन्यानं जाळं मारून पाह्यची रीत. डॉक्टर ऐकत राह्यले. मले वाटलं आता ओरडतीन. ते म्हणाले, "इतकं छान कोणी समजावलं तुम्हाला?"

बाबानं अभिमानानं माह्याकडे बोट केलं.

तिथं जमीन फाटती तं बरं झालं असतं.

फोटो आला. डॉक्टरनं जुना अन् नवीन दोन्ही उजेडाच्या पाटीवर बाजूबाजूले लावले. जुन्यात गोळा गोल, चंद्रासारखा. नव्यात वरच्या कडेले एक जागा थोडी दबलेली. थोडीच. डॉक्टरनं पेनाचं टोक लावलं तेव्हा दिसली, नाई तं माह्या नजरेनं सुटली असती.

"हे त्या अकरा पावलानं झालं?" मी विचारलं.

"असू शकतं."

"नाई चालला असता तं झालं नसतं?"

"तसंही झालं असतं कदाचित. काहींचं होतं. आपण उशिरा आलो होतो. मी नक्की सांगू शकत नाही." मंग दादाकडे पाहून, "पूर्ण बसलेला नाही. आजपासून पुन्हा सहा आठवडे. आणि या वेळी कोणी बघायचं नाही. मी बघेन."

मी त्याईले पुन्हा विचारलं. वेगळ्या शब्दात. त्याईनं तेच उत्तर दिलं. तिसऱ्यांदा विचारलं तं नर्स म्हणाली, बाहेर पेशंट आहेत.

परत आल्यावर मी एकटी पाळीवर गेली. आबाजी अन् चार-पाच जण जाळ्याचे तुटलेले फासे विणत होते. मी सगळं साधं सांगितलं. हाड आहे, आतून मेलं होतं, त्याच्यात नवीन हाड बनून राह्यलं आहे, ओल्या सिमेंटसारखं, सुकेपर्यंत त्यावर वजन टाकायचं नाई, अन् वरून पाहून ते सुकलं का नाई ते कोणालेच कळत नाई, डॉक्टरच्या फोटोशिवाय.

आबाजीचे हात थांबले. "कळत नाई?"

"नाई कळत, आबाजी."

"मंग असं पहिलेच सांगा लागत होतं न, पोरी."

त्याच्यानंतर सहा आठवडे ते आमच्या घराकडे आलेच नाई. माह्यावर नाराज म्हणून नाई, हे मले नंतर समजलं. त्याईले भेव वाटे, खाटेजवळ बसलं तं पुन्हा काही तरी विचारू अन् काही तरी होईन. दादाच कुरकुरे, "आबाजीले बोलाव न, माणूस पाह्यजे बोलायले." मी बोलवायले गेली तं म्हणे, "फोटो आल्यावर येतो."

दुसरा फोटो आला. मंग तिसरा. दबलेली जागा तेवढीच, पुढं वाढली नाई. आतली सावली भरत आली. डॉक्टरनं कुबड्या काढल्या, काठी दिली, मंग काठीबी काढली. सांधा त्याचाच राह्यला. ओढजाळ मात्र कायमचं बंद केलं, डोंग्यात बसून टाकजाळ चालन म्हणे.

ज्या दिवशी काठी सुटली त्या दिवशी दवाखान्याच्या लांब व्हरांड्यातून दादा पुढं चालत गेला. डाव्या पायावर आला का अंग थोडं खाली जाये. थोडंसंच, अनोळखी माणसाले दिसणार नाई. आईले दिसलं, बाबाले दिसलं. आई म्हणाली, "चालते न बाप्पा आपल्या पायानं." बाबा म्हणे, "हो न." चाचानं जीपचं दार उघडलं, दादा समोरच्या सीटवर चढला अन् म्हणे, चला, भूक लागली.

मले कोणी काहीच बोललं नाई. त्या दिवशी नाई, आजवर नाई. उलट कोणाच्या घरी दवाखान्याचं निघालं का बाबा सांगतेत, माह्या पोरीले विचारा, ती बरोबर समजावून सांगते. एकदा तरी कोणी तोंडावर म्हटलं असतं, तुह्यामुळं झालं, तं मी भांडली असती, डॉक्टरचं वाक्य त्याईच्या तोंडावर फेकलं असतं, का तसंही झालं असतं कदाचित. पण कोणी म्हणतच नाई. अन् दादा पाळीवरून उतरताना डावा पाय टाकते, तेव्हा मीच एकटी तिकडे पाहत राहते.